अर्धा मांजू

आमच्या गल्लीत पुरुष लग्नाला होकार देत नसत. ते खात असत.

मुलगा आपल्या आईला घेऊन मुलीच्या घरी यायचा. मुलगी चहा आणायची, सोबत ताटलीत एक गोड पदार्थ. मग सगळे तळ्यावरच्या धुक्याबद्दल आणि या वर्षी शिंपले किती बारीक निघाले याबद्दल बोलायचे. मुलाने ताटलीतलं खाल्लं की लग्न ठरलं. कागदात नीट गुंडाळून खिशात टाकलं की बारगळलं. आमच्या या जपानी गावातल्या, मात्सुएच्या माणसाला तोंडाने 'नको' म्हणण्यापेक्षा किल्ल्याच्या खंदकात उडी मारणं सोपं जातं. आजही जातं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण एकोणीसशे छप्पन साली, मी तेवीस वर्षांची असताना, मला दोघांनी कागदात गुंडाळलं, तिसऱ्याने मला हात जोडले, आणि चौथ्याने जे केलं त्यावर गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.

आमचं मिठाईचं दुकान. माझे वडील गेन्झो तिसऱ्या पिढीचे कारागीर. त्याच्या दोन वर्षं आधी, नव्या वर्षाचा नैवेद्य देवळात नेताना ते बर्फावर घसरले. थाळा त्यांनी वाचवला, उजवं मनगट गेलं. तेव्हापासून पहाटे मागच्या खोलीत कामाच्या फळीपुढे मी बसायची. घेवडा शिजवायचा, साली काढायच्या, पुरण घोटायचं, मग तीन धारांच्या लाकडी पट्टीने पाकळ्या उठवायच्या. बाबा शेजारी बसून बघायचे आणि रोज न चुकता म्हणायचे, "बाईचे हात गरम असतात. पुरणाला घाम येतो. बाईने फळीपुढे बसू नये."

"मग उठू का, बाबा?"

"आधी ती चाळीस कमळं संपव."

ही गोष्ट घराबाहेर कुणाला कळता कामा नये, असा बाबांचा दंडक होता. गिऱ्हाईक आलं की बाबा कपाळाला थोडं तांदळाचं पीठ लावून पडद्याबाहेर जायचे आणि थकल्यासारखे उभे राहायचे. मी मागून जाऊन पुडे बांधायची. लोक म्हणायचे, "गेन्झोसान, यंदाची कमळं काय सुरेख वळलीत!" बाबा मान झुकवायचे. खरंच लाजायचे ते, त्यामुळे कुणाला संशय यायचा नाही.

पण हे कायम चालणार नव्हतं. दुकानाला घरजावई हवा होता. तो आला की फळी त्याची, आणि मी पुढे बसून जन्मभर पुड्यांना दोऱ्या बांधणार. मला लग्नाचं वावडं नव्हतं. मला फळी सोडायची नव्हती, एवढंच. ते कुणाला सांगणार? आईला एकदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, "हो का? थंडी फार आहे आज," आणि कपडे वाळत घालायला गेली.

पहिला मुलगा आला तेव्हा माझ्या मनात काही कपट नव्हतं. बाबा म्हणाले, दुकानाची लाज राख, म्हणून मी पांढरं कॅमेलियाचं फूल केलं. कडेच्या पाकळीवर दवाचा एक थेंब. मुलाने ताटली हातात घेतली. डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली, मिठाई कापायची काडी उचलली, खाली ठेवली. पंधरा मिनिटं हेच. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाला, "हे कापवत नाही हो," आणि कागदात गुंडाळून घेऊन गेला.

बाबा एकाच वेळी चिडले आणि अभिमानाने फुगले. मला मात्र रस्ता सापडला.

दुसऱ्याला मी पारदर्शक जेलीत पोहणारा लाल मासा दिला. त्याच्या डोळ्यावर मी दोन दिवस घालवले होते. ताटली कुठेही सरकवली तरी मासा समोरच्याकडेच बघायचा.

"खा ना रे," मुलाची आई कुजबुजली.

"आई, हा माझ्याकडे बघतोय."

"मासाच आहे तो. घरी खातोस की."

"घरचे मासे मला ओळखत नाहीत."

तिसरा देवळाच्या पुजाऱ्याचा धाकटा मुलगा. त्याच्यासाठी मी रस्त्याकडेला उभा असतो तसा इवलासा जिझोदेव केला. गळ्यात लाल लाळेरं, हात जोडलेले, चेहऱ्यावर गोड हसू. मुलगा सावरून बसला. त्याने देवाला हात जोडले, मोठ्याने स्तोत्र म्हटलं, ताटली आमच्याच देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि फार प्रसन्न होऊन घरी गेला.

ही स्थळं आणायच्या त्या इनागाकीकाकू. गल्लीतली एकतीस लग्नं त्यांनी जुळवली होती, आणि त्यांची नजर अशी की खंदकाच्या पुलावर उभं राहून त्या पाण्यातल्या माशांची गणती करायच्या. देव्हाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, बाबांच्या मनगटाकडे पाहिलं. मग आईला म्हणाल्या, "हात्सु, ऐक माझं. पुढच्या वेळी डोळे नकोत. पाकळ्या नकोत. देव तर अजिबात नकोत. पांढरा, गोल मांजू. बघून माणसाला फक्त भूक लागली पाहिजे."

मांजू म्हणजे पुरण भरून वाफवलेला साधा गोळा. तो कुणीही खातं. पाळण्यातलं पोरही खातं. मी अडकले.

चौथं स्थळ होतं कादोवाकी सेइगो. पलीकडच्या वस्तीतल्या लोणचेवाल्यांचा तिसरा मुलगा. पुरण करपवावं, असं मी ठरवलं होतं. चुलीपुढे उभी राहिले, आणि हाताने माझं ऐकलं नाही. पुरण खाली लागतंय असा वास यायच्या आत तो आपोआप ढवळायला लागला. बरं, नुसतं चांगलं करूनही थांबले नाही. गेले काही दिवस मी एक खोडी करत होते. आमच्याकडे तीन पिढ्या पुरण चुलीवरून उतरवल्यावर मीठ घालायचे. मी ते आधी घालायला लागले होते, पुरण अजून सैल असताना. बाबांना कळलं नव्हतं. त्या दिवशी तसंच केलं, आणि मांजू असा झाला की मला स्वतःचाच राग आला.

सेइगो आला. उंच, खांदे पडलेले, कान मोठे. अंगातला कोट भावाचा असावा. त्याच्या आईने भेट म्हणून कोंड्यात मुरवलेल्या मुळ्याचं मोठं पुडकं आणलं होतं. त्याचा वास तिच्याआधी घरात शिरला. तळ्यावरचं धुकं झालं, शिंपले झाले. मी ताटली ठेवली. सेइगोने काडी उचलली, मांजू बरोबर मधोमध कापला आणि अर्धा तोंडात टाकला.

आईने सुटकेचा श्वास सोडला. बाबांनी बऱ्या हाताने गुडघा थोपटला.

सेइगोचे डोळे मिटले. तो बराच वेळ चावत होता, मान एका बाजूला कलती, जणू आत कुणी काहीतरी सांगत होतं. मग डोळे उघडले. खिशातून कागद काढला, उरलेला अर्धा नीट गुंडाळला, खिशात टाकला. चहा प्याला, वाकून नमस्कार केला आणि गेला.

बाबांनी दार लावलं.

"खाल्लं की," आई म्हणाली.

"गुंडाळलं की," बाबा म्हणाले.

"आधी खाल्लं. जे आधी ते खरं."

"वा! मी आधी दार उघडलं आणि मग लावलं, तर दार उघडं आहे का?"

इनागाकीकाकू ताटलीवर वाकून उरलेला चुरा बघत होत्या. "बत्तीस लग्नांत असं झालं नाही," त्या म्हणाल्या.

"एकतीस," आई म्हणाली.

"हे धरून बत्तीस. आता धरू की नको, तेच कळेना."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अर्धा मांजू गल्लीभर झाला. सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकिणीचं म्हणणं, अर्धा म्हणजे साखरपुडा झाला, लग्न बाकी. चटई विणणाऱ्याचं म्हणणं, मुलाला अर्धी मुलगी पसंत आहे, आता कुठली अर्धी ते विचारून घ्या. गल्लीचे अध्यक्ष शहाऐंशी वर्षांचे होते. त्यांना आठवलं की त्यांच्या लहानपणी एकाने नुसतं चाटून परत ठेवलं होतं, आणि ते प्रकरण मिटायला अकरा वर्षं लागली. काकूंनी लोणचेवाल्यांकडे जाऊन आडून आडून चौकशी केली. सेइगोच्या आईने आणखी मुळे दिले. उत्तर दिलं नाही.

शेवटी अध्यक्षांनी निकाल दिला. रविवारी पुन्हा बघण्याचा कार्यक्रम. या वेळी पूर्ण खायचं किंवा पूर्ण गुंडाळायचं. आणि कागद काकू आधी तपासणार.

गुरुवारी दुपारी मी पडद्यामागे पुडे बांधत होते. दुकानात कुणीतरी आलं. मुळ्याचा वास आला तेव्हाच कळलं.

"एक मांजू द्या," सेइगो म्हणाला. तिथेच उभं राहून त्याने तो खाल्ला. मग बाबांना म्हणाला, "एक विचारू का? मीठ कधी घालता?"

"उतरवल्यावर," बाबा म्हणाले. "तीन पिढ्या उतरवल्यावरच."

"यात उतरवल्यावर घातलेलं नाही."

"मी केलंय की तुम्ही?"

"गेन्झोसान, मी लोणचेवाल्याचा मुलगा. गाणं येत नाही, पोहता येत नाही. पण मीठ कळतं."

बाबांनी मनगट बाहीत ओढून घेतलं. नेमकं तेव्हाच अध्यक्षांची सून रस्त्यावरून हाक मारायला लागली. घराला आग लागल्यासारखे बाबा घाईने बाहेर गेले.

दुकानात सेइगो एकटा. पडद्याअलीकडे मी. तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, "जाऊ दे. उतरवल्यावरच घालत असतील. माझंच चुकलं असेल."

"आधी!" मी ओरडले. "सैल असताना! उतरवल्यावर घातलं की वरवर राहतं ते, एवढंही कळत नाही?"

आणि मग मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हात पिठाने माखलेले होते. पडदा हळूच बाजूला झाला. सेइगोने माझं पांढरं तोंड पाहिलं, मागची फळी पाहिली, तीन धारांची पट्टी पाहिली.

"अच्छा," तो म्हणाला. "मासा पण तुमचाच? आमच्या वस्तीत त्याची फार चर्चा आहे."

"कुणाला सांगाल तर बघा."

"मी कुणाला सांगणार? मी दिवसभर दगडांबरोबर असतो. दुकानात माझे दोन भाऊ बसतात. मी मागे पिंपांवर दगड ठेवतो, दगड उचलतो. सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून. दगड बोलत नाहीत हो. मला माणसं हवीत. 'या, बसा, तुमच्या आईचा गुडघा कसा आहे,' असं मला म्हणायचंय."

"मग घरजावई व्हायला कशाला आलात? घरजावई फळीपुढे बसतो."

"हे हात बघा." त्याने हात पुढे केले. मी दोन पावलं मागे सरले. "कितीही धुतले तरी मुळा जात नाही. या हाताने पुरण वळलं तर तुमचं दुकान आठवड्यात बंद. मी गुंडाळायलाच आलो होतो. पण मांजूचा वास आला. म्हटलं, कापून बघू. पूर्ण खाल्लं असतं तर लग्न करावं लागलं असतं, आणि काहीच न खाता गेलो असतो तर जन्मभर हळहळलो असतो."

"म्हणून अर्धा?"

"दुसरा अर्धा रात्री पांघरुणात खाल्ला. तो धरत नाहीत ना?"

मला हसू आलं. दाबलं, तर नाकातून पीठ उडालं.

तो गंभीर झाला. "एखाद्या दुकानात पुढे बोलणारा बसला आणि मागे करणारी बसली, तर चालेल का हो ते दुकान?"

"गल्ली काय म्हणेल?"

"गल्लीला पुढचंच दिसतं." बाहेर बाबांच्या खडावा वाजल्या. सेइगो घाईघाईने म्हणाला, "रविवारी काय घेऊन येऊ? भूक की कागद?"

मी उत्तर दिलं नाही. मीही मात्सुएचीच.

शनिवारी माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. डोळे असलेलं काहीतरी करायचं, म्हणजे तो समजून गुंडाळेल, आणि मग पाचवा येईल, सहावा येईल, कधीतरी एखादा निर्दय माणूस येऊन माशाचं डोकं कचकन खाईल आणि माझी फळी घेईल. किंवा या मोठ्या कानांच्या माणसावर विश्वास ठेवायचा. लग्न झाल्यावर तो पण फळीपुढे बसला तर? लोक बसवतीलच त्याला. पहाटेपर्यंत मी पुरणाचा एकच गोळा हातात फिरवत बसले. घाम त्याला नव्हता आला, मला आला होता.

रविवारी सगळे जमले. काकूंनी सेइगोचा कागद उजेडात धरून तपासला. मी ताटली ठेवली.

ताटलीत एक दगड होता. काळ्या तिळाचा, राखाडी, ओबडधोबड, एका बाजूला चपटा. लोणच्याच्या पिंपावर ठेवतात तसा. डोळे नाहीत, पाकळ्या नाहीत, देव नाही.

"अगं बाई!" आई म्हणाली.

"नवऱ्या मुलाला दगड?" बाबांचा आवाज चिरकला.

सेइगोच्या आईने तो वाकून पाहिला आणि म्हणाली, "आमच्या तिसऱ्या पिंपावरचाच की हा."

सेइगोचे कान लाल झाले. मग तो हसायला लागला, इतका की चहा सांडला. काडी बाजूला ठेवून त्याने दगड हातानेच उचलला आणि दोन घासांत पूर्ण खाल्ला. बोटं चाटली. "इतका हलका दगड मी आयुष्यात उचलला नाही," तो म्हणाला.

"बत्तीस!" इनागाकीकाकू ओरडल्या.

बाबा लगेच उठले. आनंदाने त्यांना काही सुचत नव्हतं. "चला, चला, फळी दाखवतो! उद्यापासून पहाटे चारला. आज एक गोळा वळून तर बघा." त्यांनी सेइगोला ओढतच मागच्या खोलीत नेलं, आम्ही सगळ्याजणी पाठोपाठ. सेइगोने माझ्याकडे एकदा पाहिलं, पुरण घेतलं आणि दोन्ही तळव्यांत मनापासून वळलं. फार मनापासून. बाबांनी गोळा नाकाजवळ नेला.

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी गोळा आईला दिला. आईने काकूंना दिला. काकूंना शिंक आली.

"धुऊन जाईल," बाबा क्षीणपणे म्हणाले.

"नाही जात," सेइगोची आई म्हणाली. "याच्या बाबांचा बेचाळीस वर्षांत गेला नाही."

"मग करणार कोण?" बाबांनी खाली बसत विचारलं. "या घरात फळीपुढे बसणार कोण?"

तेव्हा आई, जी आयुष्यभर थंडीबद्दल आणि कपड्यांबद्दल बोलली, फळीवरचा तो मुळ्याचा गोळा बोटाने कोपऱ्यात सारत म्हणाली, "अहो, पुरण वाळायला लागलंय. किनुए, बस."

मी बसले. माझ्या हाताला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून कमळं वळायला लागले. बाबा काकूंकडे बघत राहिले. आता उद्या गल्लीभर होणार. काकूंनी डोळे बारीक केले, पडद्याकडे तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "मला या पडद्यामागचं काही दिसत नाही बाई. वय झालं आता."

लग्न झालं. रोज सकाळी दहा वाजता सेइगो कपाळाला पीठ लावून पुढे जायचा. थकल्याचं सोंग बाबांपेक्षा छान करायचा, मधूनच कंबर धरायचा. "या, बसा, तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?" गल्लीतल्या प्रत्येक गुडघ्याची त्याला माहिती होती. लोक म्हणायचे, "सेइगोसान, काय हात आहे तुमचा!" तो मान झुकवायचा. बाबा मरेपर्यंत माझ्या शेजारी बसून म्हणत राहिले की बाईचे हात गरम असतात. शेवटच्या वर्षी मात्र थंडीत ते स्वतःचे हात माझ्या हातात देऊन बसायचे.

एकेचाळीस वर्षांनी मिठाईवाल्यांच्या मंडळाने सेइगोला उत्कृष्ट कारागीर म्हणून मानपत्र दिलं. आठवडाभर तो सांगत होता, "मी नाही जात. हे फार झालं." मी म्हटलं, "जा. एकेचाळीस वर्षं पीठ लावलंस, आता कुठे लाजतोस?" खरं सांगू का, मला वाईट वाटत होतं. फळी हवी होती, फळी मिळाली. कागदावरच्या नावाचं काही वाटणार नाही असं मी समजत होते. चौथ्या रांगेत बसून मानपत्राची लाल दोरी पाहिली आणि वाटलं.

सभागृह भरलेलं. मंचावर दोन खुर्च्या. एकीवर सेइगो, दुसरी रिकामी. म्हटलं, कुणी पाहुणा उशिरा येणार असेल. मंडळाच्या अध्यक्षांनी सेइगोला चार शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, घसा साफ केला.

"आमच्या मांजूचं गुपित मिठात आहे," तो म्हणाला. "ते पुरण चुलीवरून उतरवल्यावर..."

"आधी!"

अख्खं सभागृह मागे वळलं. मी उभी होते. कधी उठले कळलंच नाही.

मंचावरचे अध्यक्ष जराही दचकले नाहीत. त्यांनी रिकामी खुर्ची थोडी पुढे ओढली, हाताने झटकली आणि म्हणाले, "या, बाई. आम्हाला वाटलं, तुम्ही याही वर्षी पडद्याबाहेर येत नाही."

घरी जाताना बसमध्ये मी सेइगोच्या कानाशी खूप वेळ पुटपुटत होते. शोभतं का हे, या वयात, सगळ्यांसमोर, आणि तूही असा कसा चुकलास? मानपत्र माझ्या मांडीवर होतं. त्याने खिशातून समारंभात मिळालेला मांजू काढला, मधोमध तोडला आणि एक अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"किनुए," तो चावत म्हणाला, "मी लोणचेवाल्याचा मुलगा. मिठाच्या बाबतीत मी चुकेन का?"